कॉइलचं बिऱ्हाड

अमेरिकेत हौशी लोकांच्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा बॉनेट बंद ठेवून गाडी उभी करणं म्हणजे माणसांना जेवायला बोलावून स्वयंपाकघराला कुलूप लावण्यासारखं. बघणारा आधी रंग बघतो, चाकं बघतो आणि मग हात मागे बांधून वाकतो तो इंजिनावर. अशा रांगेत एखादी १९६९ ची शेव्हरोले कॅमारो उभी असते. गाडी जुनी, इंजिन मात्र पुढच्या पिढीचं: जनरल मोटर्सच्या ‘एलएस’ घराण्यातलं व्ही-८. इंजिनाच्या डोक्यावरची दोन झाकणं, म्हणजे टॅपेट कव्हर, आरशासारखी लखलखीत, त्यांच्यावर चार बोल्ट सोडले तर काहीच नाही. मागची पत्र्याची भिंत गुळगुळीत, एका रंगात. वायर म्हणावी तर एक नजरेला पडत नाही. आठ सिलिंडरांना सेकंदाला शेकडो ठिणग्या लागतात, आणि त्या येतात कुठून याचा मागमूस नाही.

जाणकार माणूस अशा वेळी सरळ गुडघ्यावर बसतो. मान तिरकी करून तो इंजिनाच्या पाठीमागे बघतो, मडगार्डच्या आत डोकावतो, डॅशबोर्डखाली नजर टाकतो. तो शोधत असतो आठ काळे डबे, प्रत्येक काड्यापेटीहून थोडा मोठा. त्या इग्निशन कॉइल. कारखान्यानं त्या टॅपेट कव्हरच्या डोक्यावर बसवल्या होत्या. मालकानं त्यांचं बिऱ्हाड दुसरीकडे हलवलंय.

वरवर बघता हे नटवण्याचं काम वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते तसंच आहे. पण कॉइल हलवायला घेतली की एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. ठिणगी तयार कुठे करायची आणि ती प्लगपर्यंत न्यायची कशी? मोटारगाडीच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरं तीन-चारदा बदलली आहेत. आजचा हौशी माणूस नकळत त्यांतल्या एका फार जुन्या उत्तराकडे परत जातो.

बारा व्होल्टचे तीस हजार

गाडीच्या बॅटरीत बारा व्होल्ट. प्लगच्या दोन टोकांमधली फट साधारण एक मिलिमीटर. मोकळ्या हवेत एवढी फट ओलांडायला वीज तीन-चार हजार व्होल्ट मागते. सिलिंडरच्या आत तर पिस्टननं हवा आणि पेट्रोलचं मिश्रण कोंबून ठेवलेलं असतं, आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी पाडणं कितीतरी अवघड. तिथे दहा-वीस हजार व्होल्ट सहज लागतात, कधी त्याहूनही जास्त.

बारापासून तिथवर नेण्याचं काम कॉइल करते, आणि तिची युक्ती घरातल्या नळासारखी आहे. जोरात वाहणाऱ्या नळाची तोटी झटकन बंद केली की भिंतीतला पाइप धाडकन वाजतो. पाणी तेवढंच असतं, पण वाहता वाहता एकदम अडवल्यामुळे त्याचा दाब क्षणभर उसळतो. कॉइलमध्ये जाड तारेचे काहीशे वेढे असतात, ती प्रायमरी. तिच्यातून दोन-तीन मिलिसेकंद करंट वाहू द्यायचा. तो चढत चढत काही अँपिअरपर्यंत जातो आणि लोखंडी गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. मग करंट तोडायचा. क्षेत्र कोसळतं आणि प्रायमरीतच तीन-चारशे व्होल्टचा झटका उसळतो. त्याच गाभ्यावर केसासारख्या बारीक तारेचे जवळजवळ शंभरपट वेढे असतात, ती सेकंडरी. तिथे तो झटका शंभरपट होऊन निघतो: तीस-चाळीस हजार व्होल्ट.

म्हणजे प्रत्येक कॉइलला दोन बाजू आहेत. आत येणारी बाजू बारा व्होल्टची, सोशिक. बाहेर जाणारी बाजू हजारो व्होल्टची, तिला गॅरेजमध्ये ‘एचटी’ म्हणतात, हाय टेन्शन. आतल्या बाजूची वायर चार हात लांब केली तरी ती कुरकुर करत नाही. एचटीची वायर मात्र जितकी आखूड तितकी बरी. या प्रकरणातली बाकी सगळी भानगड या एका फरकातून निघते.

लाकडी पेटीतल्या चार कॉइल

१९०८ साली हेन्री फोर्डची मॉडेल टी बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. तिच्या चार सिलिंडरांना चार कॉइल होत्या. प्रत्येक कॉइल स्वतंत्र लाकडी डबीत, आत डांबरासारखं भरण घालून पक्की केलेली, आणि या चारही डब्या एका पेटीत शेजारी शेजारी उभ्या. ही पेटी असायची चालकाच्या समोर, डॅशवर. तिथून वायरी भिंतीतून पलीकडे प्लगपर्यंत जायच्या.

प्रत्येक डबीवर एक कंप पावणारी पत्ती होती. करंट आला की पत्ती गुणगुणायची, कॉइलचा करंट सेकंदात अनेक वेळा जोडायची आणि तोडायची, आणि प्लगवर ठिणग्यांची सरबत्ती व्हायची. इंजिन मिसिंग करायला लागलं, म्हणजे एखादं सिलिंडर कामचुकारपणा करायला लागलं, तर चालक पेटीचं झाकण काढून एकेक पत्ती बोटानं दाबून धरायचा. जी दाबल्यावर इंजिनच्या आवाजात काही फरक पडत नाही, ती कॉइल किंवा तिचा प्लग आजारी. दुरुस्तीचं इतकं सरळ निदान पुढच्या गाड्यांत फार कमी वेळा मिळालं.

कोणत्या सिलिंडरची पाळी आहे हे ठरवणारा ‘टायमर’ कॉइलच्या आधी बसवलेला होता. तो कमी व्होल्टचा करंट पाळीपाळीनं चार कॉइलना वाटायचा, हजारो व्होल्टना तो हातही लावत नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढची पंचाहत्तर-ऐंशी वर्षं जगातल्या बहुतेक गाड्यांनी नेमकं याच्या उलट केलं.

एक वाढपी, आठ पानं

उलट करणारा माणूस चार्ल्स केटरिंग. ओहायोतल्या डेटन गावी, एका मित्राच्या कोठारात बसून त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी बॅटरीवर चालणारी नवी इग्निशन तयार केली. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती बसली. कॉइलची गुणगुण गेली. करंट तोडणारे पॉइंट एकदा उघडले की एक जोरकस ठिणगी. पुढे या मांडणीत कॉइल एकच उरली, आणि तिच्यातून निघणारा हजारो व्होल्टचा झटका सिलिंडरांना वाटायला आला डिस्ट्रिब्युटर. पंगतीत वाढपी जसा पानापानाशी थांबत पुढे जातो तसा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखालचा रोटर फिरतो, आणि ज्याची पाळी त्याच्या वायरीत झटका टाकतो.

आपल्याकडे ज्यांनी जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी किंवा अँबॅसडर चालवल्या, त्यांना ही कॅप चांगली आठवत असेल. मुसळधार पावसात, साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की इंजिन दोन आचके देऊन बंद पडायचं. ड्रायव्हर खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा, कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसायचा आणि पुन्हा सेल्फ मारायचा. कॅपवर पाण्याचा पातळ थर असला तरी वीस हजार व्होल्टना तेवढी वाट पुरते. ते प्लगपर्यंत न जाता तिथूनच अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूतून परतीची वाट, शोधतात. कोरडं फडकं हा त्या काळात गाडीच्या टूलकिटचाच भाग होता.

व्ही-८ इंजिनात या मांडणीची दुसरी अडचण वेगाची होती. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या मारत असेल तर आठ सिलिंडरांना मिळून सेकंदाला ४०० ठिणग्या लागतात. म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये फक्त अडीच मिलिसेकंद. एकट्या कॉइलला पोटभर करंट घ्यायलाच तेवढा वेळ लागतो, मग ठिणगी टाकायची कधी? वाढप्याचं भांडं पुन्हा भरायच्या आत पुढचं पान हाका मारायला लागतं, आणि वेग वाढेल तशा ठिणग्या अशक्त होतात.

जागेचा प्रश्नही होता. १९९२ च्या कॉर्व्हेटमधल्या एलटी-१ इंजिनात जनरल मोटर्सनं डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पाठीवरून काढून पुढच्या तोंडावर बसवला, नेमका पाण्याच्या पंपाखाली. पंपाचं सील गळायला लागलं की थेंब थेट डिस्ट्रिब्युटरवर. ठिणगी बनवणाऱ्या यंत्राची जागा बदलताना वर काय आहे आणि शेजारी काय आहे हे आधी बघावं, असा धडा या इंजिनाच्या अनेक मालकांना खिशातून पैसे मोजून मिळाला.

चेहऱ्यावरची ठिगळं

१९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये नवं ५.७ लिटरचं अॅल्युमिनियमचं इंजिन आलं, एलएस-१. त्यात डिस्ट्रिब्युटर नव्हता. आठ सिलिंडरांना आठ कॉइल, प्रत्येक बाजूच्या टॅपेट कव्हरवर चार. प्रत्येक पानाला आता स्वतःचा वाढपी मिळाला. ६,००० फेऱ्यांनाही प्रत्येक कॉइलला दोन ठिणग्यांमध्ये वीस मिलिसेकंद मिळतात, पोट भरायला हवा तेवढा वेळ. कॉइल आणि प्लग यांच्यामधली वायर जेमतेम दीड वीत. करंट जोडण्या-तोडण्याचा इलेक्ट्रॉनिक स्विचही प्रत्येक कॉइलच्या आतच बसवलेला. गाडीचा कॉम्प्युटर तिला फक्त एक बारीकसा इशारा पाठवतो.

थोडक्यात, पाळी पुन्हा कमी व्होल्टच्या बाजूला ठरू लागली. मॉडेल टीच्या टायमरचं काम कॉम्प्युटरनं घेतलं आणि नव्वद वर्षांनी सिलिंडरगणिक कॉइल परत आली. आणखी एक गंमत म्हणजे केटरिंग पुढे कित्येक वर्षं जनरल मोटर्सच्याच संशोधन विभागाचा प्रमुख होता. त्याच्या मांडणीला त्याच्याच घरानं निरोप दिला.

अभियंत्यांच्या दृष्टीनं ही उत्तम सोय होती. डोळ्यांना मात्र ती खटकली. अमेरिकन हॉट रॉडच्या, म्हणजे जुन्या गाड्या दमदार करून मिरवण्याच्या, परंपरेत व्ही-८ चा चेहरा म्हणजे त्याची टॅपेट कव्हर. १९५५ मध्ये शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक इंजिन आलं तेव्हापासून लोकांनी त्यांना क्रोम चढवला, पन्हाळीदार अॅल्युमिनियमची कव्हर ओतून घेतली, त्यांच्यावर नावं कोरली. एलएसमध्ये त्याच चेहऱ्यावर चार काळे डबे, पत्र्याचं ब्रॅकेट, चार कनेक्टर, वायरिंगची जाड शेपटी आणि प्लगच्या चार आखूड वायरी. नवऱ्यामुलाच्या फेट्यावर कुणीतरी मीटरबॉक्स ठोकावा तसं. कॉर्व्हेटमध्ये खुद्द कंपनीनं हा पसारा प्लॅस्टिकच्या झाकणांखाली लपवला होता. पण हॉट रॉडवाल्याला प्लॅस्टिकचं झाकण म्हणजे न धुतलेल्या भांड्यांवर टाकलेला पंचा. त्याला भांडीच हलवायची असतात.

१९९९ पासून याच घराण्यातली ४.८, ५.३ आणि ६ लिटरची इंजिनं जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकांत आली आणि लाखोंनी रस्त्यावर गेली. अपघात झालेल्या ट्रकांमधून ती भंगारवाल्यांकडे स्वस्तात मिळू लागली. तीस-चाळीस वर्षं जुन्या गाडीत हे इंजिन उतरवायचं, ही अमेरिकन गॅरेजांमधली नित्याची गोष्ट झाली. आणि जुन्या गाडीत नवं इंजिन बसवलं की सर्वांत आधी डोळ्यात खुपतात त्या या आठ कॉइल, कारण १९६९ च्या गाडीच्या बॉनेटखाली असलं काही कधी नव्हतंच.

बॉनेटखालचं सगळं लपवण्याचं हेच वेड होंडाच्या चाहत्यांमध्येही आहे. नव्वदच्या दशकातल्या सिव्हिकची इंजिनाभोवतीची सगळी वायरिंग मडगार्डच्या आत आणि डॅशबोर्डखाली सरकवायची, उघडी पडलेली भोकं पत्रा वेल्ड करून बुजवायची आणि सगळी पोकळी एका रंगात रंगवायची, असं ते काम असतं. तिथे मुख्य शत्रू वायरिंग. एलएसवाल्यांचा शत्रू कॉइल.

नवी जागा कुठे?

नव्या घराच्या चार-पाच जागा ठरलेल्या आहेत. सर्वांत लोकप्रिय फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि चालकाचे पाय यांच्यामधली पत्र्याची भिंत. तिथे आठही कॉइल एका प्लेटवर ओळीनं बसतात. आणखी नीटस हवं असेल तर ती प्लेट भिंतीच्या आतल्या बाजूला, डॅशबोर्डखाली. तिथे कॉइलना ऊन-पाणी लागत नाही, पण एचटीच्या आठ वायरी भिंतीतून बाहेर काढायला लागतात. मॉडेल टीची पेटीही डॅशवरच होती. शंभर वर्षांनी कॉइल फिरून मूळ पत्त्यावर आली म्हणायची.

दुसरी जागा मडगार्डच्या आत. तिसरी इंजिनाच्या हेडच्या मागच्या किंवा पुढच्या टोकाला. एलएसचं डावं आणि उजवं हेड अदलाबदल होऊ शकतं, त्यामुळे प्रत्येक हेडच्या दोन्ही टोकांना बोल्टची आटे पाडलेली भोकं असतात. एका टोकाची बरीचशी भोकं रिकामीच राहतात. त्यांच्यात ब्रॅकेट कसून चार कॉइल उभ्या करता येतात, आणि त्या इंजिनासोबतच हलत राहतात. चौथी जागा खाली, ब्लॉकच्या कडेला. ती दिसत नाही हे खरं, पण शेजारी एक्झॉस्ट असतो. प्लगच्या टोप्यासुद्धा तिथे भाजून निघतात, तर कॉइलची काय कथा.

उष्णतेच्या बाबतीत कॉइल हलवण्याला एक प्रामाणिक कारणही आहे. टॅपेट कव्हरखाली गरम तेल उडत असतं आणि बाहेर हातभर अंतरावर एक्झॉस्ट तापलेला असतो. टर्बो लावला असेल तर विचारूच नका. काही ट्रकांच्या कॉइलवर तर उष्णता उडवायला अॅल्युमिनियमच्या पन्हाळी दिलेल्या असतात. अशा गाडीत कॉइल थंड जागी नेणं शहाणपणाचं. शिवाय टॅपेट कव्हर उघडायचं झालं तर दर वेळी कॉइलचं ब्रॅकेट सोडवायला लागत नाही.

लांब वायरीचं भाडं

प्लग जिथे आहेत तिथेच राहतात. त्यामुळे कॉइल दूर गेली की एचटी वायर वाढते. फायरवॉलवर प्लेट बसवली तर मागच्या ७ आणि ८ नंबरच्या सिलिंडरांना वायर हातभर पुरते, पुढच्या १ आणि २ नंबरना ती मीटरभर लागते. या लांबीचं भाडं भरायला लागतं.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. वायर लांब झाली म्हणून ठिणगी उशिरा पडेल, ही भीती खोटी. मीटरभर वायरीतून झटका जायला काही नॅनोसेकंद लागतात. ६,००० फेऱ्यांना क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. नॅनोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचा दहा लाखावा भाग. टायमिंगला त्याचा पत्ताही लागत नाही.

खरं भाडं वायरीच्या रोधात आहे. प्लगच्या वायरीत मुद्दाम रोध ठेवतात, नाहीतर प्रत्येक ठिणगी रेडिओत खरखर करते आणि कॉम्प्युटरला गोंधळात टाकते. कार्बनच्या साध्या वायरीत हा रोध फुटामागे काही हजार ओहम असू शकतो. समजा फुटाला ५,००० ओहम, तर तीन फुटांना १५,०००. ठिणगी पेटलेली असताना ५० मिलिअँपिअर करंट वाहतोय असं धरलं, तर ७५० व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात. तीस हजारांच्या मानानं हे चिल्लर वाटतील. पण एकदा ठिणगी पडली की ती जळत ठेवायला हजार-दीड हजारच व्होल्ट लागतात. त्या मानानं ७५० म्हणजे घरमालकाच्या निम्मं तरी दलालानं खाल्लं. म्हणून लांब वायर लागणार असेल तेव्हा जाणकार मळसूत्रासारखी तार गुंडाळलेली वायर घेतात. तिचा रोध फुटाला काहीशे ओहमच असतो, आणि वळ्यांमुळे रेडिओची खरखरही दबते.

दुसरं भाडं असं की वायर स्वतःच थोडी वीज साठवते. आतली तार, भोवती रबर, बाहेर इंजिनचा धातू, हा एक लांबोळका कंडेन्सरच झाला. प्लगवर व्होल्ट चढायच्या आधी तो भरायला लागतो. वायर जितकी लांब आणि धातूला जितकी चिकटून, तितकी ही भर जास्त. सुस्थितीतली कॉइल हे सहज पेलते. म्हातारी कॉइल मोठा भार पडला की इथेच हात टेकते, आणि चढावर गाडी मिसिंग करायला लागते.

तिसरं भाडं सर्वांत कपटी. दोन एचटी वायरी लांबवर एकमेकींना चिकटून धावल्या की एकीतला झटका दुसरीत उमटतो. जुन्या शेव्हरोलेत पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ होता. तिथे ५ आणि ७ ही एकाच बाजूची शेजारची सिलिंडरं पाठोपाठ पेटतात, आणि त्यांच्या वायरी वेगळ्या ठेवा हे प्रत्येक उस्ताद आपल्या पोराला शिकवायचा. एलएसचा क्रम १-८-७-२-६-५-४-३. ५ आणि ७ ची जोडी तुटली, पण शेवटच्या ३ नंतर पुन्हा १ येतो, आणि हे दोघंही एकाच बाजूचे शेजारी. कारखान्याच्या मांडणीत प्रत्येक वायर दीड वीत लांब आणि आपापल्या प्लगकडे सरळ उतरणारी. तिथे हा प्रश्नच उद्भवत नव्हता. फायरवॉलवरून मात्र १ आणि ३ च्या वायरी इंजिनाच्या लांबीभर सोबतीनं जातात, आणि नीटस दिसावं म्हणून लोक त्यांना एकत्र बांधतात.

३ नंबरला ठिणगी पडते तेव्हा १ नंबरचं पिस्टन मिश्रण दाबत अर्ध्या वाटेवर असतं. दाब अजून पुरता चढलेला नसतो, त्यामुळे कमकुवत, उसनी ठिणगीसुद्धा तिथे फट ओलांडू शकते. मिश्रण वेळेआधी पेटलं की वर येणाऱ्या पिस्टनला ते खाली ढकलतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर पिस्टनची आणि बेअरिंगची काय गत होते ते सांगायला नको. यावरचा उपाय दोन रुपयांचा आहे: दोन वायरींत बोटभर अंतर ठेवणारे प्लॅस्टिकचे खाचेदार तुकडे, आणि १ व ३ च्या मधून वेगळ्याच नंबरची वायर नेणं. रांग थोडी कमी देखणी दिसते, एवढंच.

प्रत्यक्ष हात घालताना

काम सुरू होतं पुठ्ठ्यापासून. पुठ्ठ्याचा तुकडा कापून तो हव्या त्या जागी धरायचा, कॉइल त्याच्यावर मांडून बघायच्या, बॉनेट बंद होतं का, वायपरची मोटर आड येते का, हात आत जातो का. हे जमलं की मगच अॅल्युमिनियमची प्लेट कापायची.

वायरिंगचं काम दिसतं त्यापेक्षा सोपं आहे. एका बाजूच्या चार कॉइलना प्रत्येकी चार वायरी, म्हणजे सोळा. पण बारा व्होल्ट, अर्थ आणि इशाऱ्याचा परतीचा मार्ग या तीन वायरी चौघींत सामायिक असतात, आणि इशारे चार. त्यामुळे चार कॉइलची जोडणी सात पिनांच्या एकाच कनेक्टरमधून मुख्य वायरिंगला मिळते. अख्खी चौकडी उचलायची तर एका बाजूला सातच वायरी वाढवायला लागतात, दोन्ही बाजूंना मिळून चौदा. त्या सगळ्या कमी व्होल्टच्या, सोशिक. जोड नीट क्रिंप करून त्यांच्यावर तापवून आवळणारी नळी चढवायची. भिंतीतून वायर जाते तिथे भोकाला रबरी बुश बसवलाच पाहिजे, नाहीतर पत्र्याची कड सहा महिन्यांत इन्सुलेशन सोलते.

वाढवण्याआधी प्रत्येक कनेक्टरवर नंबर चिकटवायचा. जागेवर असताना कोणती कॉइल कुणाची हे आपोआप कळत होतं. प्लेटवर आठही जणी सारख्याच दिसतात. दोन कनेक्टर बदलले तर ठिणगी चुकीच्या सिलिंडरला, चुकीच्या वेळी. मग कधी इनटेकमधून शिंक येते, कधी सायलेन्सरमधून बार निघतो.

सर्वांत जास्त चुकतं ते अर्थिंग. प्लगवर पडलेली ठिणगी हेडमध्ये उतरते आणि तिला कॉइलकडे परत यायचं असतं. कॉइल हेडवर असताना ही वाट वीतभर होती. कॉइल मडगार्डवर गेली की करंटला इंजिनपासून बॉडीपर्यंत जायला इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या पट्टीचा आधार उरतो. जुन्या गाडीत ही पट्टी बहुधा गंजलेली किंवा रंगाखाली दबलेली असते. मग करंट दुसऱ्या वाटा शोधतो, सेन्सरच्या वायरींतूनसुद्धा, आणि कॉम्प्युटरला क्रँक कुठे आहे ते भलतंच दिसायला लागतं. लोक नवीन कॉइल आणतात, नवीन प्लग आणतात, तरी गाडी मिस मारतच राहते. म्हणून कॉइलच्या प्लेटपासून हेडपर्यंत एक वेगळी जाड अर्थ वायर टाकायची, आणि बोल्टखालचा रंग खरवडून उघड्या धातूवर कसायची.

आजच्या नव्या गाड्यांत हा खेळ जवळजवळ उरलेला नाही. आपल्याकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांतसुद्धा बॉनेट उघडून इंजिनावरचं प्लॅस्टिक काढलं, तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक कॉइल उभी दिसेल. एचटी वायर नाहीच. ठिणगीचा प्रवास इतका आखूड झाला की हलवायला बिऱ्हाडच शिल्लक नाही.

काम पुरं झाल्यावर शेवटची परीक्षा रात्रीची. गॅरेजचे दिवे घालवायचे, इंजिन चालू करायचं, आणि इस्त्रीला मारतात तसा पाण्याचा बारीक फवारा एचटी वायरींवर मारायचा. हात लांब ठेवायचा. कुठे इन्सुलेशन फुटलं असेल, कुठे वायर धातूला घासत असेल, तर तिथे निळसर धागा चमकतो आणि चटचट असा आवाज येतो. ती जागा दिव्याच्या उजेडात कधीच सापडली नसती. माणूस दहा मिनिटं अंधारात वाकून बघत राहतो. दिवसभर ज्याचा जीव सगळं दिसेनासं करण्यात गुंतला होता, तो आता डोळे ताणून काही दिसतंय का ते शोधत असतो. इंजिन संथ लयीत चाललेलं, बॉनेटखाली मिट्ट काळोख. मग तो उठून दिवा लावतो आणि टॅपेट कव्हरवर उडालेले पाण्याचे थेंब फडक्यानं पुसून काढतो.